हाराचा फोटो

"मेल्यावर चष्मा ठेवनार का काढनार?"

भोईरदादांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मी नुकताच बदलापूरच्या सोनिवलीतल्या एका नव्या सोसायटीत राहायला आलो होतो आणि रविवारी सकाळी वडिलांचा जुना रोलचा कॅमेरा गळ्यात अडकवून नदीकाठी हिंडत होतो. समोरून पांढरा सदरा, ढगळ पँट, डोक्यावर टोपी आणि काखेत गुंडाळलेली करडी चादर अशा थाटात एक वयस्कर गृहस्थ आले, माझं तोंड एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पाहिलं आणि हे विचारलं. मी विमा कंपनीत नोकरी करतो. अनोळखी माणसाशी त्याच्या मरणाबद्दल बोलायला सुरुवात करायची हा खरं तर आमचा धंदा. पण आम्हीसुद्धा आधी चहा पाजतो.

"काचा चमकतात," त्यांनी खुलासा केला. "हाराच्या फोटूत डोलं दिसाया पायजेत. बाकी काय नाय दिसला तरी चालतं."

हाराचा फोटो म्हणजे माणूस गेल्यावर हार घालून भिंतीवर लावतात तो. भोईरदादांचं म्हणणं असं, की तो प्रत्येकाचा जिवंतपणी, धडधाकट असताना, नीट बसवून काढलेला असावा. लोक बारशाचे फोटो काढतात, लग्नाचे काढतात. हे एकटे त्याच्या पुढच्या कार्यक्रमाचे काढायचे. तेही रोलवर, स्वतःच्या खर्चानं, कोणी बोलावलेलं नसताना.

चंदर भोईर, राहणार खरवई. घरची भातशेती होती, तिच्यावर आता टॉवर उभे आहेत. अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. धाकट्या भावाच्या घराला लागून एक खोली, तिच्यात एकटे. जेवण भावजयीकडून, म्हणजे हिरावहिनींकडून यायचं. आणि कॅमेरा त्यांच्या गळ्यात इतका कायमचा, की सदऱ्याचं वरचं बटण मी कधी पाहिलंच नाही.

मोबाईल खिशात असताना रोलवर फोटो काढणारी माणसं म्हणजे ठार वेडी. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या आमच्या तिन्ही गावांत मिळून ती एका रिक्षात मावतील एवढीच आहेत. उल्हासनगर कॅम्प पाचचा ललित, अंबरनाथची प्रज्ञा, मी आणि दादा. ललितच्या वडिलांचा पूर्वी फोटो स्टुडिओ होता; आता तिथे मोबाईलची कव्हरं आणि झेरॉक्स. पण वरच्या पोटमाळ्यावर रोल धुवायची अंधारखोली त्यानं अजून जिवंत ठेवली आहे. प्रज्ञा एका रंगाच्या कंपनीत नोकरी करते आणि आमच्यात सगळ्यात चांगले फोटो तीच काढते. हे दादांना मान्य होतं, फक्त एक तक्रार सोडून.

"फोटू झ्याक हाय पोरी. पन हार कुठं घालशील?"

ही तक्रार ते कुठल्याही फोटोबद्दल करत. प्रज्ञानं नदीवरच्या धुक्याचा फोटो काढला, तरी तेच. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या खांबाचा काढला, तरी तेच. स्वतः ते प्रत्येक फोटोत खाली चार बोटं जागा मोकळी सोडायचे, हाराला. झाडाच्या फोटोतही सोडायचे. एकदा रस्त्यावरच्या बकरीचा फोटो काढला, त्यातही बकरी वर आणि खाली मोकळी जमीन. मी म्हटलं, "दादा, बकरीला कोण हार घालणार?" तर म्हणाले, "तिला तर कापाच्या आदीच घालतात."

माणूस बसवायची त्यांची पद्धत ठरलेली होती. मागे करडी चादर, खिडकीचा उजेड एका गालावर, हनवटी जरा खाली. मग कॅमेरा डोळ्याला लावून सांगायचे, "माज्याकडं नको बगू. काचंत पन नको. तू गेल्यावर भिंतीसमोर जो येऊन उभा राहील ना, त्याला बग." आणि थांबायचे. समोरचा माणूस आधी हसायचा, मग लाजायचा, मग त्याला कोणीतरी आठवायचं. त्या क्षणी खट्ट. माझा फोटो काढला तेव्हा मला माझी दहावीतली मुलगी दिसली, पण जरा उंच झालेली. चष्मा मी काढला होता. फोटो इतका चांगला आला की बायकोनं तो कपाटात साड्यांखाली ठेवून दिला आणि पुन्हा कधी काढला नाही.

सुरुवातीला खरवईत त्यांना पाहून म्हाताऱ्या आत पळायच्या. "आला गो भोईर! मी अजून मराची नाय, सांग त्याला!" लग्नाच्या मांडवात ते शिरले की यजमान कोणाला तरी त्यांच्या मागे सोडायचे, कारण हे नवरानवरी सोडून पुढच्या रांगेतल्या आजोबांपुढे जाऊन उभे. "मामा, उजेड बरा हाय. हाराचा काढून घेऊ काय?" मामांच्या हातातला जिलबीचा तुकडा हातातच राहायचा.

मग पोसामामांची गोष्ट झाली. पोसामामा अंथरुणाला खिळलेले, घरच्यांनी आशा सोडलेली. दादांनी त्यांना उशांच्या आधारानं बसवून फोटो काढला. आठवड्याभरात पोसामामा उठून चालायला लागले आणि नाक्यावर जाऊन सांगायला लागले, "भोईरानं फोटू काढला का यमाला वाटतं ह्याला आदीच नेला." झालं. आमच्या भागात एखादी गोष्ट नाक्यावर पोचली की तिची श्रद्धा व्हायला वेळ लागत नाही. म्हातारी माणसं आपणहून चादर शोधत यायला लागली. पोसामामा तर दर दिवाळीला येऊन नवा फोटो काढून घ्यायचे. पॉलिसीचं नूतनीकरण इतक्या वक्तशीरपणे करणारा ग्राहक मला कधी मिळाला नाही.

दादांना राग एकाच गोष्टीचा यायचा. बदलापुरात चौकाचौकात 'भावपूर्ण श्रद्धांजली'चे फ्लेक्स लागतात. त्यावरचा फोटो बहुतेक वेळा कुठल्या तरी लग्नातून कापून काढलेला असतो. गेलेल्या माणसाच्या डोळ्यांवर गॉगल, आणि बाजूला कोणाचा तरी अर्धा खांदा राहून गेलेला. दादा अशा फ्लेक्सपुढे थबकायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारायचे, "ह्यो खांदा कोनाचा?" लोकांना वाटायचं, म्हातारा जवळचा नातेवाईक आहे, धक्का बसलाय. पाणी आणून द्यायचे. "जल्ला तो मोबाईल!" दादा पाणी पिऊन म्हणायचे. "हजार फोटू असतात आन् बाराव्याला एक सापडत नाय."

आता गंमत अशी, की त्यांच्या स्वतःच्या खोलीत भिंतीवर एकच फोटो होता आणि त्यातही खांदा होता.

तो त्यांच्या बायकोचा, देवकीचा. जत्रेतल्या तंबूत, रंगवलेल्या पडद्यापुढे काढलेला. वीस-एक वर्षांची मुलगी, केसांत अबोलीचा गजरा, हसू दाबून उभी. लग्नानंतर दोन पावसाळेही झाले नव्हते, पहिल्याच बाळंतपणात ती आणि मूल दोन्ही गेली. फोटोच्या उजव्या कडेला चौकड्याच्या शर्टाचा खांदा आणि पडद्यावरचं काहीतरी निमुळतं, राखाडी चित्र, मध्येच कापलेलं. तो मासा असावा असं माझं मत होतं. ललित म्हणायचा होडी.

एकदा ललितनं सरळ विचारलं, "दादा, दुनिया के खांदे पे गुस्सा करते हो, आणि घरात हा कोणाचा ठेवलाय? फोटो मोठा करताना एन्लार्जरखाली एक पुठ्ठा धरला असता तर निघून गेला असता."

दादा चहा ओतत होते, ओतत राहिले. "तो राहू दे," एवढंच म्हणाले.

ती खोली म्हणजे सामानाचं कोठार. छत्री, पिशव्या, ट्रायपॉड, सुकत घातलेले रोल, सगळं खिळ्यांना टांगलेलं. मोकळा म्हणाल तर एकच खिळा, देवकीच्या फोटोशेजारचा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा भिजलेला रेनकोट त्यालाच अडकवला. दादांनी तो काढला आणि स्वतःच्या अंथरुणावर ठेवला. "तो खिला रिकामा ठेवाचा," म्हणाले. मला वाटलं, खिळा कच्चा असेल.

आणि आम्ही कधी विचारलं, "दादा, सगळ्यांचे काढता, तुमचा कधी काढायचा?" की उत्तर ठरलेलं. "माझा हाय काढलेला." कुठे आहे, कोणी काढला, काही नाही. आम्ही समजलो, टाळतायत. न्हावी स्वतःची दाढी दुसऱ्याला करू देत नाही, त्यातला प्रकार.

प्रज्ञानं मात्र शेवटी डाव साधला. त्या रविवारी दादा एका आजीचा फोटो काढत होते आणि वाऱ्यानं चादर उडत होती. कधी नव्हे तो त्यांनी आपला कॅमेरा प्रज्ञाच्या हातात दिला आणि स्वतः चादर धरायला गेले. आजीचा फोटो झाला. तेवढ्यात वारा आला, चादर दादांच्या डोक्यावर, आणि ते तिच्यातून तोंड बाहेर काढून असे खदखदून हसले, की प्रज्ञानं कॅमेरा वळवून खट्ट केलं. रोलमधला शेवटचा फोटो. दादांना आवाजावरून कळलं. "जल्ला, एक फोटू फुकट घालवलास गो पोरी!" पण चिडल्यासारखे दिसले नाहीत.

ती आमची शेवटची भेट. पुढच्याच आठवड्यात सकाळी हिरावहिनी चहा घेऊन गेल्या तर दादा ओटीवर खुर्चीत बसलेले होते. कप घ्यायला हात पुढे आला नाही.

'अंधारखोली' नावाचा आम्हा चौघांचा व्हॉट्सअप ग्रुप आहे. मी त्यावर लिहिलं, 'दादा गेले.' ललित आणि प्रज्ञानं ते वाचलं. ग्रुपमधल्या सगळ्यांनी वाचल्याशिवाय मेसेजखालच्या दोन खुणा निळ्या होत नाहीत. त्या अजूनही करड्याच आहेत. मी दिवसातून कितीदा तरी उघडून बघतो. माझे वडील गेले तेव्हा मी कर्तासवरता माणूस म्हणून वावरलो. ह्या माणसाचं माझ्याशी काही नातं नव्हतं आणि मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडलो.

स्मशानातून परत येताना प्रज्ञा म्हणाली, "बाराव्याला फोटो लागेल."

घरच्यांकडे काही नसणार, असं आम्ही धरूनच चाललो. मोबाईल धुंडाळून झाले. प्रत्येक लग्नात दादा होते, पण कॅमेऱ्याच्या मागे. एका हळदीच्या व्हिडिओत मात्र सापडले, कॅमेरा खाली ठेवून घाईघाईत जेवत असलेले. त्यातलं तोंड कापून मोठं केलं तर गालात घास आणि बाजूला कोणाचा तरी अर्धा खांदा. ते बघून मला फ्लेक्सपुढे पाणी पिणारे दादा आठवले. सगळ्या गावाला नीट बसवून ज्यानं फोटो दिले, त्याच्या वाट्याला नेमकं हेच यावं?

पण प्रज्ञाचा तो शेवटचा फोटो कॅमेऱ्यात होता. त्या एका फोटोवर आमचा तिघांचा जीव टांगलेला. वहिनींनी कॅमेरा दिला, आम्ही तो देवाची मूर्ती न्यावी तसा कॅम्प पाचला नेला.

तिथे औषधं नेहमी दादाच ओतायचे आणि ते कधीही बाटल्यांवर नावं लिहायचे नाहीत. सरबताच्या दोन सारख्या बाटल्या. एकीतलं औषध रोलवर चित्र उमटवतं, दुसरीतलं ते पक्कं करतं आणि उरलेलं धुऊन टाकतं. दुसरीला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. "देवानं नाक कशाला दिलाय?" म्हणत ते बूच काढून हुंगायचे आणि ओतायचे. क्रम चुकला तर संपलं. आधी दुसरं गेलं, तर उमटायच्या आतच सगळं कायमचं जातं.

आम्ही पोटमाळ्यावर चढलो. दादांचं स्टूल तसंच होतं. ललितनं त्यावर त्यांचा कॅमेरा ठेवला, झेंडूची फुलं वाहिली आणि मोगऱ्याची अख्खी पुडी उदबत्ती लावली. खिडक्या कायमच्या बंद, खोली धुरानं भरली. प्रज्ञा रडत होती, मी नाक पुसत होतो, ललित हात जोडून "साईं, संभाल लेना" म्हणत होता. मग तिघांनी पाळीपाळीनं दोन्ही बाटल्या हुंगल्या. दोन्हींना मोगऱ्याचा वास येत होता. हिच्यात जरा आंबूस आहे, नाही तिच्यात आहे, असं चाललं. शेवटी तिघांचं एकमत झालं. तिघांनी मिळून एक माणूस गमावल्यावर एकमत फार लवकर होतं.

रोल बाहेर काढला तो काचेसारखा स्वच्छ. ललितनं उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा धरला.

"रोल अडकलाच नसेल आत," मी म्हणालो. "पुढे सरकलाच नसेल. रिकामाच फिरला असेल."

"कडेचे नंबर नाहीत," प्रज्ञा म्हणाली. रोलच्या कडेला छापील नंबर असतात. फोटो काढा न काढा, ते उमटतातच. तेसुद्धा नव्हते. म्हणजे फोटो होते. ती आजी होती, चादर होती, दादांचं हसू होतं. आम्ही ते आमच्या हातांनी धुऊन टाकलं होतं, त्यांनाच उदबत्ती लावून.

कोणी कोणाला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. ललित बाटल्यांवर मार्करनं नावं लिहायला बसला. दोन्हींवर त्यानं एकच नाव लिहिलं, तेव्हा प्रज्ञानं मार्कर काढून घेतला.

बाराव्याला आम्ही घास आणि खांद्याचा तो फोटो फ्रेम करून घेऊन गेलो. दुसरं होतं काय? मी तो पिशवीतून काढला. हिरावहिनींनी पदराला हात पुसले, फोटो पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ह्यो कशाला आनलाव? भावजींनी सोताचा काढून ठेवलाय ना."

"कुठे?" आम्ही तिघं एकदम ओरडलो.

"देवकीच्या फोटूमागं. कागदात गुंडाललाय. बोल्ले होते, माझा नंबर आला का लावा." आमची तोंडं बघून त्या पुढे म्हणाल्या, "मना कोनी विचारलाच नाय."

देवकीच्या फ्रेमच्या मागे, भिंतीला टेकून, तेवढ्याच मापाची दुसरी फ्रेम होती. वर्तमानपत्राचा कागद हात लावताच तुकडे होऊन पडला. आत चौकड्याच्या शर्टातला एक मुलगा. दाट केस, मिसरूड, पुढे आलेले कान. हा कोण, ते मला कळायला वेळ लागला. फोटोही बिघडल्यासारखा वाटला, कारण मुलगा समोर बघतच नव्हता, डावीकडे फ्रेमच्या बाहेर बघत होता. डाव्या कडेला कोणाचा तरी खांदा होता, पदर घेतलेला. मागे पडद्यावर रंगवलेल्या विमानाचं तोंड.

ललितनं तो घेतला आणि त्या रिकाम्या खिळ्याला अडकवला. खिळा पक्का होता.

विमान जुळलं. तो मासा नव्हता आणि होडीही नव्हती, शेपटी होती. दोन्ही खांदे आपापल्या माणसांना जाऊन मिळाले. आणि तो मुलगा बघत होता तिच्याकडे, हसू दाबणाऱ्या तिच्याकडे. फोटो एकच होता, छापताना दादांनी त्याचे कागद दोन केले होते. एक लावला आणि दुसऱ्यासाठी खिळा ठोकून ठेवला.

ललितचे वडील सांगायचे म्हणे, की खरवईचा एक पोरगा निगेटिव्ह घेऊन आला होता. बायकोचा फोटो मोठा करून हवा होता, पण कापायचा कुठे ते ठरवता येईना. रोज यायचा, एन्लार्जरखाली बघत बसायचा. शेवटी त्यांनी त्याला कामच शिकवलं. ललितला हे माहीत होतं, पण वडिलांनी कधी नाव सांगितलं नव्हतं. तो पोरगा म्हणजे दादा, हे त्याला त्या दिवशी भिंतीपुढे कळलं.

माणसं येत होती, पाया पडत होती. पोसामामा काठी टेकत आले, मोठ्यानं म्हणाले, "ह्यो पोरगा कोन?" आणि कोणीतरी सांगितल्यावर खाली बसून लहान मुलासारखे रडायला लागले. ज्या दादांना आम्ही ओळखत होतो, तो टोपीवाला, प्रश्न विचारणारा, जल्ला म्हणणारा म्हातारा कुठेच नव्हता. त्याचा एकमेव फोटो आम्ही घालवला होता. त्यांना स्वतःला त्याची गरज नव्हती असं दिसतं. तिच्यानंतरची सगळी वर्षं त्यांनी हिशेबात धरलीच नव्हती, आणि त्या वर्षांत आम्ही होतो.

हिरावहिनींनी लांब हार केला होता, तो दोन्ही फ्रेमना मिळून एकच घातला. दोन्ही फोटोंत खाली चार बोटं जागा मोकळी होती. एकाही फुलानं कोणाचा चेहरा झाकला नाही.

प्रज्ञा, ललित आणि मी भिंतीसमोर जाऊन उभे राहिलो. जो येऊन उभा राहील त्याला बघ, असं सगळ्या गावाला सांगणारे दादा आमच्याकडे बघत नव्हते.